प्रकरण ७ : शेजारचा उस्ताद

ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली, सर्टिफिकेटही हातात आलं. मग आठवड्याभरानं तेच काम समोर आल्यावर हात का अडखळतो?

बँकेत नुकताच लागलेला कारकून हा प्रश्न विचारतो, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स विचारते, कारखान्यातला शिकाऊ उमेदवारही विचारतो. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. कंपन्या आणि सरकारी खाती माणसांना शिकवण्यासाठी मोबाइल ॲप, डोळ्यांवर चढवायचे चष्मे आणि विचारलं की उत्तर देणारे संगणक आणू लागली आहेत. त्यांच्यामुळे हा अडखळणारा हात खरंच सुधारतो का?

उत्तर शोधण्यासाठी आधी यंत्रं बाजूला ठेवून माणसाकडे पाहायला हवं.

१. उस्ताद नेमकं करतो काय?

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या आवारात इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर आहे. स्वित्झर्लंडच्या मदतीनं ते १९६३ साली उभं राहिलं. घड्याळांच्या देशातली बारीक कारागिरी इथल्या तरुणांच्या हातात उतरावी, हा त्यामागचा हेतू. डाय आणि मोल्ड बनवण्याची ही विद्या फळ्यावर समजते, पण येते ती यंत्रापाशी उभं राहूनच. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकानंही जॉब, म्हणजे बनवलेली वस्तू, रिजेक्ट होऊ शकते.

अशा ठिकाणी शेजारी उभा असलेला जाणकार महत्त्वाचा. पंजाबातल्या वर्कशॉपमध्ये त्याला उस्ताद म्हणतात, आपल्याकडे मिस्त्री. त्याच्या शिकवण्याकडे बारकाईनं पाहिलं तर पाच कामं दिसतात. तो काल सांगितलेलं आज पुन्हा विचारतो. तो आधी भंगारातल्या तुकड्यावर हात चालवू देतो. काम चालू असताना तो नेमक्या जागी बोट ठेवतो. अडलं की तिथल्या तिथे उत्तर देतो. आणि शेवटी तो हजेरीपट न बघता बनलेला जॉब हातात घेऊन तपासतो.

अडचण एवढीच की एक उस्ताद फार तर पाच-सहा जणांशेजारी उभा राहू शकतो. शिकायचं असतं हजारोंना. कामाच्या जागी शिकवण्यासाठी आलेलं प्रत्येक नवं तंत्र या पाचांपैकी एखादं काम अनेकांपर्यंत पोचवू पाहतं. म्हणून ती पाचही कामं एकेक करून पाहू.

२. पहिलं काम : पुन्हा विचारणं

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यानं स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. १८८५ साली त्यानं निष्कर्ष छापले. विसरण्याचा उतार सुरुवातीलाच सर्वात तीव्र असतो. तासाभरानं निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली असे, आणि एका दिवसानं जेमतेम एक तृतीयांश उरे. त्यानंतर मात्र घसरण मंदावे.

कामाच्या माहितीला अर्थ असतो, त्यामुळे ती अशा अक्षरांइतक्या वेगानं पुसली जात नाही. पण उताराचा आकार तसाच राहतो. एका दिवसात सहा तासांचं ट्रेनिंग कोंबलं की काय होतं, ते इथे कळतं.

उतार अडवायचे दोन उपाय आहेत. एक, तीच गोष्ट वाढत्या अंतरानं पुन्हा समोर आणणं. दुसरा, ती वाचायला देण्याऐवजी आठवायला लावणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं तो एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

एक छोटं उदाहरण घेऊ. बँकेच्या कर्मचाऱ्याला संशयास्पद कागदपत्रं ओळखण्याच्या १२ खुणा शिकायच्या आहेत आणि त्यासाठी एक तास मिळाला आहे. तो तास सलग खर्च करता येतो. किंवा पहिल्या दिवशी ३० मिनिटं द्यायची आणि उरलेल्या ३० मिनिटांचे सहा-सहा मिनिटांचे पाच तुकडे करून दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी फक्त प्रश्न विचारायचे. वेळ दोन्हीकडे तेवढाच जातो. पण महिन्याभरानं काउंटरवर खुणा आठवतात त्या दुसऱ्या पद्धतीनं शिकलेल्याला.

आज मोबाइलवर 'मायक्रोलर्निंग' नावानं जे येतं, त्यातला चांगला भाग म्हणजे हेच. कोणता प्रश्न कधी विचारायचा, हे ॲप कसं ठरवतं? सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ साली त्यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली होती. तिची कल्पना स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यावरून येईल. बरोबर उत्तर आलेली चिठ्ठी पुढच्या वाटीत जाते आणि उशिरा समोर येते. चुकलेली पहिल्या वाटीत परतते आणि उद्याच पुन्हा विचारली जाते. ॲपमधलं गणित याच पेटीची सुधारलेली आवृत्ती असते. नुसते व्हिडिओचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले आणि प्रश्न विचारलेच नाहीत, तर मात्र उतार तसाच राहतो.

३. दुसरं काम : चुकू देणं

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. तिथे ऑर्गन बनत. ऑर्गन आणि आपली बाजाची पेटी यांचा जीव एकच, तो म्हणजे हवेचा भाता. विमान चालवायला शिकणं फार महाग पडे, म्हणून लिंकनं अशाच भात्यांवर एक छोटी लाकडी केबिन बसवली. दांडा ओढला की भात्यात हवा भरे-निघे आणि केबिन विमानासारखी झुके, वळे. १९२९ साली हे यंत्र तयार झालं, पण सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखंच खपलं.

१९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं. ढगात, अंधारात, नुसत्या काट्यांवर नजर ठेवून उडण्याची सवय नसल्यानं काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्करानं लिंकची यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत पाच लाखांच्या आसपास वैमानिकांनी त्यांत बसून सराव केला होता. ते पुन्हा पुन्हा कोसळले, पण जमिनीवर बसूनच.

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा हा त्या केबिनचा आजचा वारस आहे. व्हीआर म्हणजे आभासी वास्तव. डोकं वळवलं की समोरचं दृश्यही वळतं आणि आपण त्या जागी उभे आहोत असं मेंदूला वाटतं. ज्या कामात प्रत्यक्ष चुकणं परवडत नाही, तिथे याचा खरा उपयोग होतो. उंचावरचं वेल्डिंग, विजेचं सबस्टेशन किंवा ऑपरेशन थिएटर ही अशी कामं.

पडद्यावरच्या सरावाची परीक्षा येल विद्यापीठात झाली आणि ती २००२ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या १६ डॉक्टरांपैकी निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणाबरोबर आभासी यंत्रावर सराव दिला. नंतर सगळ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची खरी शस्त्रक्रिया केली. तिचे व्हिडिओ तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं ते सांगितलं नव्हतं. आभासी सराव केलेल्यांचं काम २९ टक्के वेगानं झालं, आणि दुसऱ्या गटाकडून त्यांच्या सहापट चुका झाल्या.

या प्रयोगात एक बारीक पण मोलाची अट होती. सराव किती तास करायचा ते ठरलेलं नव्हतं. अनुभवी शल्यविशारदांचे गुण आधी मोजून ठेवले होते, आणि शिकणाऱ्याचा हात त्या पातळीला पोचेपर्यंत सराव चालू राहिला. कुणाला लवकर जमलं, कुणाला उशिरा. महागडे चष्मे घेऊन प्रत्येकाला ठरावीक वीस मिनिटं देणाऱ्या संस्था नेमकी हीच अट विसरतात.

४. तिसरं काम : बोट ठेवणं

बोइंगच्या विमानात मैलोन्‌मैल वायरी असतात. त्यांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर, नकाशे बघून बांधले जात. फळीकडे बघायचं, नकाशाकडे बघायचं, पुन्हा फळीकडे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या तिथल्या संशोधकांनी सुचवलं की पुढची वायर कुठून न्यायची ती रेघ कामगाराच्या चष्म्यातच उमटावी, थेट फळीवर. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नाव तिथूनच रूढ झालं. व्हीआर माणसाला दुसऱ्या जगात नेतं. हे तंत्र आहे त्याच जगावर खूण करतं.

क्वचित करायच्या कामाला अशी मदत उत्तम. वर्षातून एकदा उघडायच्या पंपाचे ३० टप्पे कुणी पाठ करू नयेत. पण रोजच्या कामातही बोट कायम समोर राहिलं, तर नजर स्वतः शोधायला शिकत नाही. रोज नकाशाच्या ॲपवर गाडी चालवणाऱ्याला रस्ते लक्षात राहत नाहीत, तसंच हे. हा धोका पुढे सहाव्या भागात पुन्हा भेटेल.

५. चौथं काम : अडल्या जागी उत्तर

पडद्याच्या मदतीनं वर्ग दूरवर नेणं चंदीगडला नवं नाही. सेक्टर २६ मधली राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था १९६७ पासून उत्तर भारतातल्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी शिक्षकांना शिकवते. महाराष्ट्रासाठी हे काम तिची भोपाळची भगिनी संस्था करते. चंदीगडच्या संस्थेचे कितीतरी अभ्यासक्रम आता शिक्षक आपापल्या कॉलेजात बसून पडद्यावर करतात. पण व्याख्यान दूर पोचवणं वेगळं आणि अडलेल्याच्या शेजारी पोचणं वेगळं. ते दुसरं काम याच शहरातल्या एका रुग्णालयानं करून दाखवलं.

पंजाबात हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार मोठ्या प्रमाणावर होता. हा विषाणू रक्तातून पसरतो आणि वर्षानुवर्षं काही न जाणवू देता यकृत निबर करत जातो. यकृत असं निबर होण्याला सिरॉसिस म्हणतात. २०१३ नंतर या विषाणूवर गोळ्या आल्या, बहुतेकांना काही आठवड्यांत बरं करणाऱ्या. भारतीय कंपन्यांनी त्या स्वस्तही केल्या. तरी रुग्ण अडलेलाच होता, कारण या आजाराचे तज्ज्ञ चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी आणि रुग्ण बहुसंख्येनं खेड्यात.

जून २०१६ मध्ये पंजाब सरकारनं मोफत उपचारांची योजना सुरू केली. रुग्णांना चंदीगडला बोलावण्याऐवजी जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनाच हे उपचार शिकवायचे, असं ठरलं. २२ जिल्हा रुग्णालयं आणि तीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं निवडली. शिकवण्याची धुरा पीजीआयच्या यकृतरोग विभागानं, डॉ. आर. के. धीमन यांच्या पुढाकारानं उचलली.

पहिली पायरी होती सोपा नियम. प्रत्येकाला महागडी यकृत तपासणी करणं शक्य नव्हतं. म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीतून काढता येणारे आकडे वापरले. त्यांतला एक 'फिब-४'. वय आणि एएसटी यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला प्लेटलेट व एएलटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारानं भागायचं. एएसटी आणि एएलटी हे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे घटक. समजा वय ५०, एएसटी ८०, एएलटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख, म्हणजे सूत्रात २००. वर ५० गुणिले ८०, म्हणजे ४०००. खाली २०० गुणिले ८, म्हणजे १६००. उत्तर २.५. योजनेनं रेघ आखली होती ३.२५ वर, त्यामुळे दुसरी काही लक्षणं नसतील तर हा रुग्ण साध्या वाटेनं जाणार. त्याच रुग्णाच्या प्लेटलेट १ लाख असत्या तर उत्तर ५ आलं असतं. मग सिरॉसिस धरून अधिक तपासण्या आणि अधिक सावध उपचार.

नियमात बसणारे रुग्ण डॉक्टर स्वतः सांभाळू लागले. न बसणाऱ्यांसाठी दुसरी पायरी होती, 'एको' नावाची पद्धत. डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ती २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सुरू केली. तिथेही आजार हाच होता आणि त्यांच्या दवाखान्यात भेटीसाठी आठ-आठ महिने थांबावं लागे. एकोच्या बैठकीत अनेक ठिकाणचे डॉक्टर एकाच वेळी पडद्यावर येतात. एक जण नाव न सांगता आपला अडलेला रुग्ण मांडतो. आधी इतर डॉक्टर प्रश्न विचारतात, मग तज्ज्ञ बोलतात. त्या रुग्णाचा मार्ग ठरतो आणि ऐकणारे सगळेच एका खऱ्या पेचातून शिकतात. पुढच्या वेळी तसा रुग्ण आला की त्यांना विचारावं लागत नाही.

ही पद्धत तज्ज्ञाइतकी भरवशाची आहे का? न्यू मेक्सिकोतल्या ४०७ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, आणि गावोगावच्या व तुरुंगांतल्या एको केंद्रांवर ५८.२ टक्के. तेव्हा औषधं जुनी होती, म्हणून दोन्ही आकडे कमी. महत्त्व आहे ते दोन्ही सारखे असण्याला.

पंजाबात जून २०१६ ते जुलै २०१८ या काळात ४८,०८८ रुग्ण या योजनेत तपासले गेले. त्यांतले सुमारे ८० टक्के ग्रामीण भागातले होते. उपचार पूर्ण करून नंतरच्या तपासणीला आलेल्यांपैकी ९१.६ टक्क्यांच्या रक्तात विषाणू सापडला नाही.

यात वापरलेलं यंत्र म्हणजे पडदा, कॅमेरा आणि इंटरनेट, म्हणजे आज तालुक्याच्या ठिकाणीही मिळणाऱ्या गोष्टी. शिकवण्याची वेळ आणि विषय मात्र डॉक्टरसमोर बसलेल्या रुग्णानं ठरवला.

६. त्याच कामाला कृत्रिम बुद्धिमत्ता

एकोची बैठक ठरल्या वेळी होते. टेलिफोनवर चिडलेला ग्राहक मात्र बैठकीपर्यंत थांबत नाही. चंदीगडच्या टेक्नॉलॉजी पार्कपासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत हजारो तरुण ग्राहकसेवेत आहेत, आणि त्यांच्या अडलेल्या क्षणासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार येतो आहे.

संशोधक एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या अशा पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. ग्राहकाशी लेखी संवाद चालू असताना संगणक पुढचं वाक्य सुचवत होता. घ्यायचं की नाही ते कर्मचाऱ्यानं ठरवायचं. तासाला सोडवलेल्या तक्रारी सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांमध्ये वाढ सुमारे ३० टक्के होती, मुरलेल्यांमध्ये जवळजवळ शून्य. कारण सूचना मुळात मुरलेल्यांच्याच जुन्या संवादांवरून घडलेल्या होत्या. त्यांचं शहाणपण नवख्यांच्या पडद्यावर उतरत होतं. मधूनमधून यंत्रणा बंद पडली, तेव्हाही आधी ती वापरलेले लोक पूर्वीपेक्षा चांगलं काम करत राहिले, म्हणजे काहीतरी अंगी लागलं होतं.

पण तुर्कस्तानातल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग दुसरी बाजू दाखवतो. सुमारे हजार मुलांपैकी काहींना गणिताच्या सरावात हवं ते उत्तर देणारा संगणक दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. संगणक काढून परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाचा संगणक उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा. त्या मुलांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही.

म्हणून कार्यालयात असा सहायक आणताना आधी विचारायचा प्रश्न हा : तो उत्तर हातात देतो की माणसाला आधी प्रयत्न करायला लावतो? चांगला उस्ताद शिष्याच्या हातातली कानस लगेच काढून घेत नाही.

७. पाचवं काम : जॉब हातात घेऊन तपासणं

शिकलं की नाही, हे कसं मोजायचं? डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकानं १९५९ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या. ट्रेनिंग आवडलं का? काही कळलं का? कामावर वागणं बदललं का? आणि त्यानं कामाचा निकाल बदलला का? वर चढावं तसं मोजणं अवघड होत जातं, त्यामुळे बहुतेक संस्था पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात.

संगणकाची भाषाही दीर्घकाळ तिथेच थांबली होती. २००० साली आलेला 'स्कॉर्म' हा नियमसंच अभ्यासक्रम पूर्ण झाला का आणि गुण किती, एवढंच प्रामुख्यानं नोंदवी. २०१३ मध्ये आलेला 'एक्सएपीआय' पुढे गेला. त्याची प्रत्येक नोंद शाळेतल्या व्याकरणासारखी असते : कर्ता, कर्म, क्रियापद. 'नर्सनं व्हिडिओ पाहिला' ही एक नोंद, 'नर्सनं सलाईन लावलं' ही दुसरी. वर्गाबाहेरचं, प्रत्यक्ष कामातलं शिकणंही त्यामुळे नोंदवता येतं.

भारतात कामासाठीच्या ऑनलाइन शिकण्याचं एक मोठं मैदान म्हणजे मिशन कर्मयोगी या योजनेचा आयगॉट कर्मयोगी हा मंच. केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली. सरकारी कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण नियमांच्या पुस्तकाऐवजी त्याच्या भूमिकेभोवती बांधायचं, ही त्यामागची कल्पना. नोंदणी केलेल्यांची संख्या आता कोटीच्या वर गेली आहे. एवढ्या मोठ्या जनसमूहापर्यंत शिकण्याची सोय पोचली, ही मोठी गोष्ट. पण सोय पोचणं आणि शिकणं यांतलं अंतर जगभर दिसलं आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव घातलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी ते पूर्ण केले. कर्मचाऱ्याला अभ्यासक्रम सक्तीचा केला की तो पूर्ण होतो. त्यानंतर तलाठ्याच्या किंवा पोलीस शिपायाच्या कामात काय बदललं, हे तिसऱ्या पायरीवर जाऊनच बघावं लागतं.

पंजाबच्या डॉक्टरांची परीक्षा थेट चौथ्या पायरीवर झाली. औषध संपल्यावर १२ आठवडे थांबायचं, मग रुग्णाचं रक्त पुन्हा तपासायचं. त्या अहवालात विषाणू आहे की नाही, यावरून रुग्ण बरा झाला का ते ठरायचं, आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरला उपचार जमले का तेही. २८ जुलै २०१८ रोजी देशभरासाठी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मोफत तपासणी व उपचार इतर राज्यांतही, महाराष्ट्रातही आले. तिथेही रुग्णाला औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावतात.